माया

माशेलच्या बाजारात, सोडावाल्याच्या शेजारी
माझं दुकान. मशिनं दीड.
अर्धं म्हणजे वडिलांचं, पायानं चालणारं,
त्यावर आता रिळांचा डबा असतो.

शिगमो संपला होता. उकडत होतं.
ती आली, केस स्वतःच कापलेले, वय बासष्ट,
बरोबर दुभाष्या म्हणून तारवटी कायतान,
जो बारा वर्षं जपानी जहाजावर कांदे सोलत होता.
तोमोए हिरासावा, त्यानं नाव सांगितलं.

मी टेप काढला. नको, म्हणाली.
छाती, कंबर, सीट : ही मापं उभ्या माणसाची.
उभं कोण असतं?
आणि दारात अळसांदे विकत बसलेल्या सोमी गावडीला
तिनं वाकायला लावलं, टोपली उचलायला,
निसटलेली वहाण पायानं ओढायला.
मग सुतळीनं मोजलं
कोपर ते गुडघा,
दोन पावलांमधली हवा.
वहीत आकडा नाही. सुतळीलाच गाठी.

कायतान म्हणाला, हिनं खुर्च्या केल्यात,
नाटकांचे पडदे, चष्म्याच्या काड्या, एका पुलाचे कठडे,
शिवाय एका इस्पितळाला रोग्यांचे झगे,
ज्यांची नाडी रोग्याच्या स्वतःच्या हाताला पोचते.
बाकीचं मी विसरलो. हे नाही.
माझे वडील गेले तेव्हा
झग्याची गाठ पाठीवर होती.

सोमीचं कापड ती दुपारभर पाहत बसली.
लाल चौकटी, खांद्यावर एक गाठ,
टाका एकही नाही.
चाळीस वर्षं मी इथवर यायला बघतेय, म्हणाली,
आणि ही बाई हे नेसून बाजाराला येते.
सोमी म्हणाली, मग काय नेसून येऊ?

दुसऱ्या दिवशी चार मीटर सुती माझ्यापुढे.
कापू नकोस. दुमड.
मी दुमडलं, टीप मारली. तिनं उसवली.
पुन्हा मारली. उसवली.
सतराव्या खेपेला मी उठलोच :
बाय, माझी शिवण उसवत नाही!
तीस वर्षांत एक ब्लाउज परत आलेला नाही!
कायताननं यातलं किती सांगितलं, कोण जाणे.

तिनं चहा मागवला.
तिची आई म्हणे दर शरदात
घरातले कपडे टाका न् टाका उसवायची,
सुटे पट्टे धुऊन फळीवर ताणून वाळवायची
आणि पुन्हा शिवायची.
तेच कापड, आजीच्या वेळचं.
जे उसवत नाही, ते धुणार कसं?
मी माझ्या सदऱ्याच्या काखेकडे पाहिलं.

मग शिवणीच्या आतली कड चिमटीत धरून तिनं विचारलं,
याला काय म्हणता तुम्ही?
माया, मी म्हटलं.
पुढं अंग भरलं, पोर वाढली,
तर सोडायला ठेवतात ती.
कायतान अडखळला.
त्याला त्या शब्दाचे तीन अर्थ येत होते.
तिन्ही सांगितले.
ती हसली नाही. वहीत लिहून घेतला, आमच्याच लिपीत,
काना चुकवून.
किती ठेवतोस?
अर्धा इंच, म्हटलं. कापड महाग आहे.

झगा झाला तेव्हा चारही मीटर त्यात होते,
घड्यांच्या आत घड्या, कुठं फुगलेल्या, कुठं झोपलेल्या.
सोमीनं तो घातला, खाली बसली,
उठली, नाक शिंकरलं. म्हणाली, बरा आहे.
जमिनीवर चिंधी नव्हती.
चिंध्यांवर निजणारं मांजर
दोनदा टेबलाखाली जाऊन आलं
आणि माझ्याकडे बघत राहिलं.

ती गेली. झगा कुठं गेला माहीत नाही.
मी कात्री सोडलेली नाही, पोट आहे.
पण आता दोन इंच ठेवतो.
गिऱ्हाइकं कुरकुरतात, मास्तर, आत जाड लागतं.
लागू दे, म्हणतो.